के ५०.९ म्हणजे नक्की काय?

हॉस्पिटलच्या नोंदींवर संशोधन करणार असाल, तर एक दिवस तुमच्या हातात एक्सेलची फाइल येईल. तिच्यात एक रकाना असेल: आयसीडी-१० कोड. क्रोन्स म्हणजे के ५०, अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे के ५१. फिल्टर लावला, पेशंट मोजले, झालं! असं वाटतं खरं.

आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणाऱ्या क्रोन्सचंच बघा. के ५०.० म्हणजे लहान आतडं, के ५०.१ मोठं, आणि के ५०.९ म्हणजे 'जागा नमूद नाही'. हा शेवटचा ९ पेशंटबद्दल नाही, केसपेपरबद्दल सांगतो. कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टात जागा असते, पण डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'क्रोन्स' लिहिलं तर कोड लावणारा तरी काय करणार?

आपल्याकडचा मोठा गुंता म्हणजे आतड्याचा टीबी, कोड ए १८.३. दोन्ही आजार बऱ्याचदा लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथेच होतात. पोटदुखी, ताप, वजन घटणं सारखंच. बायोप्सीत ग्रॅन्युलोमाही दोन्हींत दिसू शकतो. म्हणून पुष्कळदा आधी टीबीची औषधं देऊन बघतात, आणि कार्डावर लिहितात, 'टीबी? क्रोन्स?'

कोडमध्ये प्रश्नचिन्हाला जागाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आयसीडी-१० साठीचा नियम असा: मुख्य निदान म्हणून दोन पर्याय लिहिले असतील, तर पहिला घ्या. म्हणजे डॉक्टरांनी आधी 'टीबी' लिहिलं की तुमच्या फाइलीत ए १८.३. उलट क्रमाने लिहिलं असतं तर के ५०! (मला हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा खराच वाटला नव्हता.)

आता समजा, तुमचा प्रश्न आहे: इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या क्रोन्सच्या पेशंटांना टीबी किती होतो? प्रश्न महत्त्वाचा, कारण या औषधाने दबलेला टीबी उसळू शकतो. पण फाइलीतला जुना ए १८.३ खरा टीबी होता, की नुसती औषधांची चाचणी? कोड सांगणार नाही. त्यासाठी तारखा लावा, टीबीच्या औषधांनी आतड्यातले व्रण भरले का ते बघा, एकाच भेटीतल्या कोडवर पेशंट मोजू नका. आणि गणित सुरू करायच्या आधी निदान पन्नास केसपेपर रेकॉर्ड रूममधून काढून स्वतः वाचा. त्यांतले किती के ५० खरोखर क्रोन्स निघाले, तो आकडा प्रबंधात 'पद्धती'च्या प्रकरणात लिहा, कमी आला तरी.