जुगाराच्या पैशांची बाग

इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या प्रेस्टन पार्कमध्ये चारशे वर्षांहून जुने दोन एल्म वृक्ष शेजारी शेजारी उभे होते. सारं शहर त्यांना ‘प्रेस्टनची जुळी’ म्हणायचं. २०१९ मध्ये त्यांतला एक एल्मच्या रोगाने गेला. तेव्हा भरपूर हळहळ झाली. ती करणाऱ्यांत बागांच्या खर्चाला कात्री लागताना मुकाट राहिलेली मंडळीही होती.

पहिली शंभर वर्षं भराभर उरकू. १८८३ मध्ये पार्कची जमीन ५० हजार पौंडांना घेतली गेली, ती विल्यम एडमंड डेव्हिस या बुकीने मृत्युपत्राने ठेवलेल्या पैशांतून. शर्यतीवर पैजा हरलेल्यांच्या खिशातून गावाला बाग मिळाली! पुढे ताटवे, घड्याळाचा मनोरा, नगरपित्यांची भाषणं. त्यात मला रस नाही.

खरी गोष्ट १९७० च्या दशकात एल्मच्या रोगापासून सुरू होते. भुंगेरे एका झाडावरून दुसऱ्यावर बुरशी नेतात, बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करते आणि ऐन उन्हाळ्यात पानं पिवळी पडतात. या रोगाने ब्रिटनमधले अडीच कोटींहून अधिक एल्म गेले. ब्रायटन वाचलं. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे डाउन्सच्या टेकड्या, हे नशीब. पण दर उन्हाळ्यात झाडन् झाड तपासणं, रोगट फांदी दिसताच तोडणं, मुळांतून रोग शेजारी सरकू नये म्हणून मधे चर खणणं, हे कष्ट. १९८७ च्या वादळाने ‘द लेव्हल’ या शहरातल्या दुसऱ्या बागेतले कितीतरी एल्म एका रात्रीत आडवे केले, तरी शहरात हजारोंनी एल्म उरले. या कामाला उद्‌घाटन नसतं, म्हणून त्याचा फोटोही नसतो.

मी तिथे राहिलो ते २०१० नंतरच्या दशकात. लंडनच्या सरकारने काटकसरीच्या नावाखाली स्थानिक संस्थांचं अनुदान छाटत नेलं आणि बागांवर सुरी आधी चालली, कारण बाग ओरडत नाही. त्याच काळात लॉटरीच्या निधीतून ‘द लेव्हल’चा कायापालट झाला: २०१३ मध्ये नवं स्केटपार्क, कारंजी, कॅफे. मुलं खूश, मीही खूश. पण हा पैसा बांधायला मिळतो. पाच वर्षांनी गवत कोण कापणार, हे त्यात बसत नाही. प्रेस्टन पार्कमध्ये एलजीबीटी समुदायाच्या प्राइड सोहळ्याला २०११ पासून कुंपण आणि तिकीट आलं. मिरवणुकीबद्दल तक्रार नाही, ती या शहराचा प्राण आहे. तक्रार आहे ती फुकट मिळालेल्या बागेला स्वतःचं पोट स्वतः भरायला सांगणाऱ्या हिशोबाची.

उद्‌घाटनापेक्षा निगा मोठी, हे मला टेकडीवरही दिसलं. त्या वर्षांत पॅचम गावावरून डाउन्स चढून ‘छत्री’ या स्मारकापाशी जायचो. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला, तिथे ही संगमरवरी छत्री आहे. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस यांचा. १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते थाटात अनावरण झालं; पुढे आबाळ झाली आणि दुसऱ्या महायुद्धात सरावाच्या गोळ्यांनी संगमरवर फुटला. राजपुत्र एकदाच आला. दरवर्षी जूनमध्ये टेकडी चढून येणाऱ्या लोकांमुळे ती जागा जिवंत राहिली.

बागांना १८८३ मध्येही जुगाराचा पैसा मिळाला, आता लॉटरीचा, म्हणजे जुगाराचाच. त्याला माझी हरकत नाही. बुकीच्या पैशांनी जमीन आली, पण जुळ्यांतला दुसरा आज उभा आहे तो दर उन्हाळ्यात मान वर करून पानं न्याहाळणाऱ्या पगारी माणसामुळे. लॉटरीच्या पुढच्या अर्जात कारंज्याआधी त्याचा पगार लिहा. तो नियमात बसत नसेल, तर कारंजं राहू द्या.