सिट्रस सायला: फवारणीपूर्वी मित्रकीटक ओळखा

संत्रा, मोसंबीच्या नवतीवरील सायलाची पिल्ले रस शोषतातच. पण खरा धोका ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाचा आहे. रोगट झाडावर वाढलेली सायला आयुष्यभर रोग पसरवू शकते, आणि रोग लागलेले झाड पुन्हा निरोगी होत नाही.

टॅमॅरिक्सिया रेडिएटा ही जेमतेम एक मिलिमीटर लांबीची परोपजीवी गांधीलमाशी. माणसाला चावत नाही. मादी सायलाच्या मोठ्या पिल्लाच्या पोटाखाली अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी पिल्लाला खालून खात वाढते. मेलेले पिल्लू तपकिरी, कडक होऊन फांदीला चिकटून राहते आणि त्याच्या पुढच्या भागात गोल छिद्र पाडून नवी माशी बाहेर पडते. लहान पिल्लांचा अंगरस पिऊनही मादी त्यांना मारते. ही माशी आपल्याच उपखंडातली. १९७८ मध्ये ती भारतातून रियुनियन बेटावर नेली आणि तिथली सायला आटोक्यात आली.

आपल्याकडे ती आयती असते, आपणच तिला फवारून मारतो. नवतीच्या काही फांद्या भिंगाखाली पाहा. छिद्राची तपकिरी पिल्ले बऱ्यापैकी दिसली, तर सिंथेटिक पायरेथ्रॉइडची फवारणी टाळा. खोडावरील मुंग्यांचाही बंदोबस्त करा. सायलाच्या गोड, चिकट स्रावासाठी त्या माशीला हुसकावतात.

मात्र रोगट झाडे बागेत ठेवून केवळ माशीच्या भरवशावर राहू नका. थोड्या उरलेल्या सायलाही रोग पसरवतात. रोगट झाडे काढण्यापूर्वी त्यांवरील सायलाचा बंदोबस्त करा, नाहीतर ती शेजारच्या झाडांवर उडून जाते. नांग्या भरताना रोगमुक्त कलमेच लावा.