वडिलोपार्जित वेब्ली आणि परके काडतूस

बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश फौजेने १८८७ साली अधिकृतपणे स्वीकारले, आणि पहिले महायुद्ध ऐन भरात असताना १९१५ मध्ये मान्य झालेली त्याची सहावी आवृत्ती, सहा इंची नळीची आणि किलोभराहून अधिक वजनाची, अधिकाऱ्यांच्या कमरेला साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली. असे हत्यार नीट राखले तर नातवाच्या हाती सहज जाते. काडतुसाचे आयुष्य मात्र सरकारी हुकुमावर अवलंबून असते. १९३२ साली फौजेने .३८ बोअरचे एनफिल्ड रिव्हॉल्व्हर पत्करल्यावर वेब्लीच्या .४५५ काडतुसाचे दिवस भरत आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही शिलकी रिव्हॉल्व्हरे अमेरिकेत पेटाऱ्यांनी उतरली आणि स्वस्तात विकली गेली. तेथे .४५५ काडतूस दुर्मिळ, तर जॉन ब्राउनिंगने स्वयंचलित पिस्तुलासाठी योजलेले .४५ काडतूस दुकानोदुकानी मुबलक. तेव्हा व्यापाऱ्यांनी तजवीज अशी केली की, सिलिंडरच्या मागील बाजूचा धातूचा पातळ थर उतरवून, कंगोरा नसलेली ही काडतुसे अर्धचंद्राकृती पत्र्याच्या चापात तीन-तीन अडकवून बसावीत. हे चाप पहिल्या महायुद्धात अमेरिकन फौजेच्या रिव्हॉल्व्हरांसाठी निघालेले असल्याने ते आयतेच मिळाले, आणि ग्राहकाला घरबसल्या कामचलाऊ हत्यार लाभले.

खरी गोम दाबात आहे. जुन्या काडतुसाची गोळी जड, सुमारे १७ ग्रॅमची, परंतु मंद, सेकंदाला जेमतेम १८० मीटर जाणारी; नव्याची गोळी सुमारे १५ ग्रॅमची, पण वेग २५० मीटरच्या आसपास. ह्या वेगाचे मोल सिलिंडरच्या भिंतींना द्यावे लागते, कारण जुन्याचा दाब प्रति चौरस इंच सुमारे १३,००० पौंड, तर नव्याचा २१,००० पौंडांपर्यंत. म्हणजे विकत मिळणारे नेहमीचे काडतूस हे वेब्लीच्या दृष्टीने दर बाराला एक परीक्षाच होय. त्यातही आरंभीच्या आवृत्त्या काळ्या दारूच्या काळातल्या असून, धूरविरहित दारू पेलेल असा जाडसर सिलिंडर १९१३ च्या पाचव्या आवृत्तीतच आला, हे बदल करवून घेणाऱ्यांपैकी कित्येकांच्या गावीही नसावे. फुटलेला सिलिंडर हातात घेऊन बसलेल्या मालकाला मग स्वस्ताईचा हिशेब सुचत नाही.

आर्थिक तोटाही आहेच. मूळ स्थितीतील वेब्लीला संग्राहक अधिक मोल देतात, आणि खरवडलेल्या सिलिंडरचा धातू पुन्हा चिकटवता येत नाही. शिवाय आता इटलीतील फियोक्की कंपनी .४५५ काडतुसे तयार करते, त्यामुळे ज्या टंचाईपोटी ही शस्त्रक्रिया झाली ती निदान परदेशात तरी ओसरली आहे.

आपल्याकडे हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ५ व्या कलमानुसार शस्त्राचे रूपांतर वा दुरुस्ती ही परवान्याविना करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला सामान्यतः दोनच शस्त्रे बाळगता येतात. आजोबांचे रिव्हॉल्व्हर वारसाहक्काने हाती येत असेल, तर लोहाराकडे जाण्यापूर्वी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या दप्तरी रीतसर अर्ज करावा, आणि सिलिंडरला हात लावू नये.