नियतकालिकांची वंशावळ

'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' हे मुंबईहून निघणारं साप्ताहिक. त्याच्या छापील अंकावर एक आठ अंकी क्रमांक असतो : ००१२-९९७६. वाचक त्याच्याकडे बघत नाही, वर्गणीदाराला त्याची गरज पडत नाही. पण जगातल्या कुठल्याही मोठ्या ग्रंथालयाच्या संगणकात हा क्रमांक घातला की हेच साप्ताहिक समोर येतं. मग तिथल्या नोंदीत नावामधला 'अँड' अक्षरांत लिहिलेला असो की चिन्हाने.

या क्रमांकात एक मेख मारून ठेवलेली आहे. पहिल्या सात अंकांना डावीकडून अनुक्रमे आठ, सात, सहा असं करत दोनपर्यंत गुणायचं आणि गुणाकारांची बेरीज करायची. इथे ती ९३ येते. तिला अकराने भागलं की बाकी उरते ५. अकरातून ५ गेले की ६, आणि तोच शेवटचा अंक. उत्तर दहा आलं तर एका घरात ते मावत नाही, म्हणून तिथे रोमन दहा, म्हणजे 'एक्स' लिहितात. टंकताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर हिशेब फसतो आणि चूक तिथेच पकडली जाते.

त्याच साप्ताहिकाच्या ऑनलाइन आवृत्तीला मात्र वेगळा क्रमांक आहे : २३४९-८८४६. आणि संपादक सचिन चौधरींनी त्याआधी, १९४९ पासून, चालवलेलं 'इकॉनॉमिक वीकली' ग्रंथालयांच्या हिशेबात वेगळंच नियतकालिक. १९६६ साली नव्या नावाने सुरू झालेलं साप्ताहिक वाचकांना जुन्याचाच पुढचा अवतार वाटलं असेल. नोंदीत मात्र ती दोन माणसं, एक पूर्वज आणि एक वारस. हे नातं नीट लिहून ठेवण्याची जी जागतिक व्यवस्था आहे, तिचं नाव आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांसाठीचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक.

पुस्तक एकदा छापून झालं की बहुतेक वेळा ग्रंथपालाची त्याच्यापुरती कटकट संपते. नियतकालिक जिवंत असतं. ते नाव बदलतं, गाव बदलतं, मालक बदलतं. दोन मासिकं एकत्र येतात, एकातून दोन फुटतात. मे-जूनचा जोडअंक निघतो आणि अंकांचे क्रमांक पुढे सरकतात ते कायमचे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांना या भानगडींची इतकी पक्की जाणीव होती की त्यांनी आपल्या तालिकासंहितेत नियतकालिकांच्या गुंतागुंतीसाठी स्वतंत्र नियम केले.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघालं; पुढे त्यातली 'खबर' गळाली आणि 'किर्लोस्कर' उरलं. आजचा नियम असा की नावाच्या पहिल्या पाच शब्दांत बदल झाला तर सहसा नियतकालिक नवं धरायचं, क्रमांकही नवा द्यायचा. पण 'मासिक', 'पत्रिका' असा केवळ प्रकार सांगणारा शब्द आला किंवा गेला तर तो किरकोळ बदल. त्यामुळे 'मनोरंजन' आणि 'मासिक मनोरंजन' एकच. आता 'खबर' हा शब्द कुठल्या खात्यात टाकायचा, यावर दोन तालिकाकार एक अख्खी दुपार भांडू शकतील, आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर असेल. साप्ताहिक म्हणून १८८१ साली सुरू झालेला 'केसरी' पुढे दैनिक झाला, त्याने मात्र काही बिघडत नाही. कालावधी बदलला तरी ओळख बदलत नाही.

क्रमांकाच्या आधी होत्या त्या संयुक्त सूची. कुठलं नियतकालिक कुठल्या ग्रंथालयात, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत आहे, हे एकत्र सांगणाऱ्या. अमेरिका आणि कॅनडातल्या ग्रंथालयांची अशी सूची प्रथम १९२७ साली निघाली. १९६५ च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत ती पाच खंडांची झाली, ९५६ ग्रंथालयांतली दीड लाखाहून अधिक नियतकालिकं तिच्यात आली. पण ती सगळी १९५० च्या आत सुरू झालेली! भारतात रंगनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातल्या विद्वत्तापूर्ण नियतकालिकांची संयुक्त सूची १९५३ साली काढली. मराठीत शंकर गणेश दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी नियतकालिकांची सूची केली. मराठी मासिकांवर काम करणाऱ्याला आजही तिच्याकडे गेल्याशिवाय गत्यंतर नाही. या कामांबद्दल मला अपार आदर आहे. पण छापील सूचीचं दुखणं एकच : छापखान्यातून बाहेर पडते त्या दिवशीच ती शिळी व्हायला लागते, आणि तिच्यातली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे बहुधा कायमची, तशीच राहते.

१९७१ च्या सुमारास युनेस्कोने वैज्ञानिक माहितीच्या देवाणघेवाणीचा एक मोठा कार्यक्रम आखला. नियतकालिकांची जागतिक नोंदव्यवस्था हे त्याचंच एक अंग. १९७५ साली क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, ३२९७ क्रमांकाचं. फ्रेंच सरकार आणि युनेस्को यांच्यात करार होऊन मुख्य केंद्र पॅरिसला बसलं. केंद्र स्वतः सगळे क्रमांक वाटत नाही. देशोदेशीच्या राष्ट्रीय केंद्रांना क्रमांकांचे गठ्ठे दिले जातात, ती केंद्रं आपापल्या देशातल्या नियतकालिकांना क्रमांक देतात आणि नोंदी पॅरिसला पाठवतात. आज अशी नव्वदच्या आसपास केंद्रं आहेत आणि नोंदी वीस लाखांच्या वर. भारताचं केंद्र दिल्लीत, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या छत्राखाली आहे. ते ज्या संस्थेत सुरू झालं ती इन्सडॉक. २००२ साली तिची निस्केअर झाली आणि २०२१ साली एनआयएससीपीआर. दुसऱ्यांच्या नावबदलांचा हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयाचं स्वतःचं नाव दोनदा बदललं. पॅरिसच्या व्यवस्थेनेही १९९३ साली जुनं नाव टाकलं, तेव्हा दिल्लीला एकटीलाच हसायला नको.

हा क्रमांक काहीच सांगत नाही, आणि मला वाटतं त्याचं खरं शहाणपण त्यातच आहे. वृत्तपत्र नोंदणीचा जो सरकारी क्रमांक आपल्या मासिकांवर असतो तो 'एमएएचएमएआर' या अक्षरांनी सुरू होतो : महाराष्ट्र, मराठी. पाहताक्षणी राज्य कळतं, भाषा कळते. आयएसएसएनमध्ये देश नाही, भाषा नाही, विषय नाही, वर्ष नाही. ज्या क्रमांकात अर्थ भरलेला असतो तो परिस्थिती बदलली की खोटा पडतो. बिऱ्हाड मुंबईहून नागपूरला हललं, मराठी मासिक द्वैभाषिक झालं, तरी हे आठ अंक खोटे पडत नाहीत, कारण त्यांनी कसलाच दावा केलेला नसतो.

दावे करते ती क्रमांकामागची नोंद. तिच्यात एक 'मुख्य नाव' असतं आणि ते जगात एकमेव असावं लागतं. 'प्रभात' नावाचं दैनिक पुण्यात आहे. त्याच नावाचं पत्र आणखी कुठून निघत असेल तर कंसात गावाचं नाव जोडून दोघांना वेगळं करतात. पूर्वीचं नाव, नंतरचं नाव, छापील आवृत्ती, ऑनलाइन आवृत्ती यांचे धागे एकमेकांच्या क्रमांकांनी बांधलेले असतात. २००७ पासून एकाच नियतकालिकाच्या सगळ्या माध्यमांतल्या आवृत्त्यांना एकत्र बांधणारा जोडक्रमांकही आला. छापील आणि ऑनलाइनसाठी वेगळे क्रमांक देऊन जो घोळ झाला होता तो त्याने पुष्कळ निस्तरला.

मला सगळ्यात आवडते ती या नोंदीतली चुकांची जागा. एखाद्या मासिकाने अंकावर चुकीचा क्रमांक छापला, तर तालिकाकार तो पुसून टाकत नाही. 'चुकीचा' अशी खूण करून वेगळ्या रकान्यात जपून ठेवतो. रद्द झालेल्या क्रमांकालाही असाच वेगळा रकाना आहे. कारण चुकीचा क्रमांक छापलेले अंक जगभर गेलेले असतात, कुणीतरी तोच टंकून शोधणार असतो, आणि त्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नसतं.

पण एका केंद्राने कितीही नीट नोंद केली तरी हजार ग्रंथालयांत तिच्या हजार वेगळ्या प्रती असतील तर उपयोग काय? १९७०च्या दशकात उत्तर अमेरिकेत हाच प्रश्न ऐरणीवर आला. प्रत्येक विद्यापीठ आपली नियतकालिकं स्वतंत्रपणे संगणकावर चढवत होतं, एकाच मासिकाच्या नोंदी पन्नास ठिकाणी पन्नास तऱ्हेच्या. १९७३ पासून काही ग्रंथपालांनी आपसात बैठका सुरू केल्या आणि त्यातून कॉन्सर हा उपक्रम उभा राहिला. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस, कॅनडाचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि काही मोठी विद्यापीठं त्यात होती. संगणक होता ओहायोतल्या ओसीएलसी या ग्रंथालय-सहकारी संस्थेचा. पायाभूत सामग्री म्हणून मिनेसोटातल्या ग्रंथालयांमधल्या नियतकालिकांची संयुक्त सूची घेतली गेली. नियम साधा : एका नियतकालिकाची एकच नोंद, ती कोणत्याही सदस्याने सुधारावी, सुधारली की सगळ्यांसाठी सुधारली.

ऐकायला सोपं आहे. पण नाव बदललेल्या मासिकाची सगळी वर्षं शेवटच्या नावाखाली एकत्र ठेवायची, की प्रत्येक नावाची वेगळी नोंद करायची? जुनी अमेरिकी पद्धत पहिली, १९६७ च्या तालिकानियमांनी दुसरी सांगितलेली. दोन्ही पद्धतींच्या नोंदी एकाच कोठारात ओतल्यावर काय झालं असेल याची कल्पना करा. जुळ्या नोंदी शोधून एक ठेवायची आणि बाकीच्या तिच्यात विलीन करायच्या, हे काम तेव्हा सुरू झालं ते संपलेलं नाही. आठ अंकी क्रमांक नसता तर ते सुरूही करता आलं नसतं.

या कोठारात मराठी मासिकं शिरली ती धान्याच्या वाटेने. अमेरिकेकडून आलेल्या धान्याचे पैसे भारत रुपयांत चुकते करत असे. त्या रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तकं आणि नियतकालिकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवली. नोंदी रोमन लिपीत झाल्या आणि त्या लिप्यंतराच्या नियमात उच्चारात नसलेला शेवटचा 'अ'ही लिहितात. म्हणजे 'मनोरंजन' शोधायचं तर 'मनोरंजना' असं टंकावं लागतं. मराठी माणूस तसं कशाला टंकेल? नावाच्या अशा दोन-तीन वेषांमागे आकडा एकच असतो, म्हणून निभावतं.

आता या क्रमांकाच्या आपल्याकडच्या कौतुकाबद्दल. २०१० च्या नियमावलीत विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण ठरवले. तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकातल्या निबंधाला १५, आणि तशी तपासणी नसलेल्या, पण आयएसएसएन किंवा आयएसबीएन (पुस्तकांचा तसाच क्रमांक) असलेल्या प्रतिष्ठित नियतकालिकातल्या निबंधाला १०. 'प्रतिष्ठित' हा शब्द मोजता येत नाही, क्रमांक येतो. मग जे व्हायचं तेच झालं. लेखकाकडूनच पैसे घेऊन निबंध छापणारी नियतकालिकं उगवली, चर्चासत्रांतले निबंध 'विशेषांक' म्हणून गठ्ठ्याने निघू लागले, आणि जाहिरातींत 'आयएसएसएन मान्यताप्राप्त' हे शब्द झळकू लागले. हा क्रमांक कुणाला मान्यता देत नाही. भारतात तो फुकट मिळतो आणि देताना मजकुराचा दर्जा तपासला जात नाही. जन्मदाखल्यावरून कुणी वर्तनाचा दाखला काढत नाही. आपण बढत्या काढल्या.

२०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या पुढाकाराने झालेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १,००९ नियतकालिकं त्यांनी तपासली. ३४.५ टक्क्यांनी पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं अशी प्राथमिक माहितीच धड दिलेली नव्हती, आणखी ५२.३ टक्क्यांच्या माहितीत चुकीचा आयएसएसएन, प्रभावांकाचे खोटे दावे, संशयास्पद सूचींचे दाखले असे प्रकार होते. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावं यादीतून काढली. पुढच्या वर्षी तिच्या जागी आयोगाची 'केअर' ही नवी यादी आली, तिचा कारभारही पुण्याच्याच विद्यापीठात. २०२५ साली तीही बंद झाली. तोतयेगिरी तर याच्या पुढची. आइसलंडचं हिमनद्यांविषयीचं 'योकुल' हे जुनं नियतकालिक. त्याच्या नावाने दुसऱ्यांनीच संकेतस्थळ उघडून लेखकांकडून पैसे घेतले. तिथे क्रमांकाने काय होणार? तो अस्सलाचाच उचलता येतो. पॅरिसच्या केंद्राच्या पोर्टलवर २०१८ पासून मूळ नोंद कुणालाही फुकट बघता येते, पण बघायला हवी.

ऑनलाइन नियतकालिकं बंद पडतात तेव्हा अंकही नाहीसे होतात, ही नवी चिंता. २००० ते २०१९ या काळात मुक्त प्रवेशाची १७० हून अधिक नियतकालिकं इंटरनेटवरून साफ गेल्याचं एका अभ्यासात दिसलं. कुठलं नियतकालिक कुठल्या डिजिटल कोठारात जतन झालं आहे हे दाखवणारी 'कीपर्स रजिस्ट्री' एडिनबर्गला सुरू झाली होती. २०१९ च्या अखेरीस ती पॅरिसच्या केंद्राकडे आली. तिचाही आधार तोच क्रमांक.

मराठीची खास अडचण दिवाळी अंकांची. चालू मासिकाचा दिवाळी अंक हा त्या मासिकाचाच विशेषांक, त्याला वेगळा क्रमांक नाही. 'आवाज'सारखा १९५१ पासून फक्त दिवाळीला निघणारा अंक म्हणजे सरळ वार्षिक. पण 'मौज'चं काय? साप्ताहिक थांबलं, दिवाळी अंक चालू राहिला. नाव तेच, प्रकाशनाची परंपरा तीच. नियम काटेकोर लावला तर हा फक्त कालावधीतला बदल, आणि क्रमांक एकच. कुणी म्हणेल, ही दोन वेगळी प्रकाशनं. निकाल लावायचा तर साप्ताहिकाचे शेवटचे अंक आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं शेजारी शेजारी मांडून वर्ष आणि अंक यांची मोजणी कशी केली आहे ते बघावं लागेल. १९८२ साली बंद झालेल्या 'सत्यकथे'सारख्या मासिकालाही मागाहून क्रमांक देता येतो. त्यासाठी प्रकाशक हयात असण्याची अट नाही. अंक जवळ असलेलं ग्रंथालयही मागणी करू शकतं.