मुलूखमैदान: दीडशे रुपयांची तोफ
(लेखांक ७)

गाणगापूरला पादुकांचं दर्शन झालं, संगमावर स्नान झालं, दुपारची माधुकरीही मागून झाली, की गाडी करून आलेल्या मंडळींत हमखास एक प्रस्ताव येतो: ‘आता विजापूर करूनच जाऊ.’ गोलघुमट पोरांना ओरडायला बरा, म्हणून पहिला मान त्याचा. तोफेची पाळी दिवस कलल्यावर येते. खरं तर महाराष्ट्राशी तिचं नातं जास्त जवळचं आहे.

मुलूखमैदान ओतली गेली अहमदनगरला, १५४९ साली, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात. ओतणारा मुहम्मद रूमी. त्याचं नाव तोफेवर कोरलेलं आहे. लांबी जेमतेम साडेचौदा फूट, पण तोंडाचं भोक सव्वादोन फुटांहून रुंद आणि वजन सुमारे ५५ टन. तोफेच्या तोंडाला जबडा वासलेल्या सिंहाचा आकार दिला आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडला जातो आहे. धातू तांबं आणि कथील यांचा, म्हणजे जवळपास घंटेचाच. त्यामुळे बोटाच्या पेरानं टिचकी मारली तरी ती वाजते.

१५६५च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्यानं तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासून डागल्या, अशी कथा आहे आणि ती याच तोफेला चिकटली आहे. पुढे तिचा मुक्काम परांड्याच्या किल्ल्यात होता. तिथून १६३२ साली तिला विजापूरला आणलं आदिलशाहीतल्या मुरार जगदेवानं. दहा हत्ती आणि चारशे बैल लागले, असं सांगतात. तिच्या जोडीची दुसरी तोफ वाटेतल्या नदीत गेली, अशीही आख्यायिका आहे. आकडे कमीजास्त असतील. पण ५५ टनांचं धूड काळ्या मातीतून, नद्या ओलांडत नेणं हे लढाई मारण्याइतकंच अवघड होतं, यात शंका नाही. हा मुरार जगदेव म्हणजे तोच, ज्यानं १६३३ साली भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीची तुला केली. हत्ती नावेत चढवायचा, नाव जिथवर बुडेल तिथं खूण करायची, मग तेवढीच बुडेपर्यंत दगड भरायचे, अशी युक्ती शहाजीराजांनी सुचवल्याचं सांगतात. त्या नांगरगावचं नाव पुढे तुळापूर पडलं. जड वस्तूंशी या गृहस्थाचं काही विशेष सख्य असावं!

विजापुरात ती शेरझा बुरुजावर बसली. १६८६मध्ये औरंगजेबानं शहर घेतलं, तेव्हा त्यानं तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवला. मालक बदलला, तोफ जागची हलली नाही.

इंग्रजांनाही ती हवीहवीशी वाटली. १८२३च्या सुमारास तिला विजयचिन्ह म्हणून विलायतेला धाडायचा मुंबई सरकारचा विचार होता, पण बंदरापर्यंतचे रस्ते तिला पेलणारे नव्हते. विचार बारगळला. मग १८५४ साली निरुपयोगी तोफा मोडीत काढायचा हुकूम सुटला आणि मुलूखमैदान लिलावात उभी राहिली. बोली लागली दीडशे रुपयांची. एवढ्या धातूला दीडशे! घेणाऱ्याला ती फोडून न्यावी लागली असती, आणि फोडण्याचा खर्च धातूच्या किमतीला गिळून बसला असता, हे बोली लावणारे ओळखून असणार. अधिकाऱ्याला मात्र ही किंमत फारच क्षुल्लक वाटली. शिवाय लोकांची तिच्यावर श्रद्धा आहे, हेही त्यानं वर कळवलं. विक्री रद्द झाली.

ती श्रद्धा कागदावरची नव्हती. तोफेला तेल-शेंदूर लावून फुलं वाहिली जात. जिनं शत्रूची दाणादाण उडवावी म्हणून ओतली, तिच्यापुढे नवस बोलले जात, यात दख्खनच्या माणसाला काही वावगं वाटत नाही.

जवळच्या उपली बुरुजावरची लोखंडी तोफ तीस फुटांहून लांब आहे, म्हणजे मुलूखमैदानच्या दुप्पट. बुरुजही सुमारे ऐंशी फूट उंच, बाहेरून वळसे घेत पायऱ्या चढायच्या. तरीही फोटोसाठी गर्दी होते ती बुटक्या, रुंद तोंडाच्या मुलूखमैदानपाशीच. तिच्याकडे सिंहाचं तोंड आहे. उपलीवरच्या तोफेकडे नुसती लांबी.

लांबीच्या मोठेपणावर हक्क सांगणारी आणखी एक तोफ गाणगापूरहून बरीच जवळ, कलबुर्गीच्या बहमनी किल्ल्यात आहे. बारा गझी तोफ, २९ फूट. पुढच्या लेखांकात तिच्याकडे वळू.