सीमा ओलांडतां विमा बदलतो काय?

जेऊरहून गाणगापूरास मोटारीनें जावयाचें म्हटलें म्हणजे सोलापूर व अक्कलकोट मागें टाकून कर्नाटकाच्या हद्दींत शिरावें लागतें. उजनीच्या जलाशयांत आम्ही जी भीमा पाहतों, तीच पुढें गाणगापूरच्या संगमावर भेटते. तिला हद्दीचें बंधन नाहीं. गृहस्थास मात्र तें असतें, आणि यात्रेची तयारी चालू असतां घरांतील वडील मंडळींपैकीं कोणीतरी हटकून विचारतें कीं, "विमा महाराष्ट्रांत उतरविला आहे, तो तिकडे चालेल ना?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे. कारण या बाबतींत विमा आणि कर या दोन निराळ्या गोष्टींची नेहमीं गल्लत होते.

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचींत कारभाराचे विषय तीन सूचींत वाटून दिले आहेत. विमा हा संघसूचींतील ४७ वा विषय. यांत्रिक वाहनें हा समवर्ती सूचींतील ३५ वा. आणि वाहनांवरील कर हा राज्यसूचींतील ५७ वा. एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील बहुतेक गोष्टी उलगडतात. विम्याचा कायदा देशभर एक. कर मात्र राज्याराज्यांत निराळा.

पूर्वीं अशी एकसूत्रता नव्हती. १९३९ चा मोटार कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, व त्यांतील सक्तीच्या विम्याचें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें. त्या वेळीं सोलापूर इंग्रजी मुलखांत, अक्कलकोट संस्थानी अमलाखालीं, आणि गाणगापूर निजामाच्या राज्यांत. एका दिवसाच्या वाटेवर तीन अंमल! आज १९८८ चा मोटार वाहन कायदा, जो १ जुलै १९८९ पासून चालू झाला, तोच या तिन्ही ठिकाणीं लागू आहे. त्याच्या १४६ व्या कलमान्वयें तिऱ्हाइताच्या नुकसानभरपाईचा विमा असल्यावांचून खासगी मोटार रस्त्यावर आणतां येत नाहीं.

या सक्तीच्या विम्याचे हप्ते सरकार ठरवितें. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकांत एक हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या खासगी मोटारीस २,०९४ रुपये व त्यापुढें दीड हजारपर्यंत ३,४१६ रुपये असा वार्षिक दर घातला. तो जेऊरास जितका, तितकाच कलबुर्गीस. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असतो. त्याचे हप्ते सर्वत्र सारखे नसतात. परंतु तो भेदही राज्यांचा नव्हे. जुन्या दरपत्रकानें मुंबई, पुणें, बंगळूर, हैदराबाद इत्यादि आठ शहरें एका विभागांत घालून बाकीचा सारा देश दुसऱ्या विभागांत टाकला. म्हणजे पुणें व सोलापूर एका राज्यांत असूनही निराळे, आणि सोलापूर व कलबुर्गी दोन राज्यांत असूनही एकत्र.

दुर्दैवानें परराज्यांत अपघात झाला तर? येथें कायदा पीडिताच्या सोयीचा आहे. १६६ व्या कलमाप्रमाणें अपघात जेथें झाला तेथील, अर्जदार जेथें राहतो तेथील, किंवा प्रतिपक्ष जेथें राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करतां येतो. अपघात कर्नाटकांत झाला म्हणून आमच्या तालुक्यांतील एखाद्या विधवेस तेथें खेटे घालण्याचें कारण नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील न्यायाधिकरणाकडे तिला दाद मागतां येते. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनें अर्जास सहा महिन्यांची मुदत घातली असल्यानें दिरंगाई करूं नये.

आतां बदलतें काय, तें पाहूं. पुतण्या नोकरीनिमित्त बंगळूरास राहिला व महाराष्ट्राच्या क्रमांकाची गाडी तेथेंच ठेवूं लागला, तर बारा महिन्यांनंतर ४७ व्या कलमान्वयें त्यानें तेथील नवा क्रमांक घेतला पाहिजे. त्यासाठीं मूळ नोंदणी कार्यालयाचें ना-हरकत प्रमाणपत्र लागतें आणि तेथील कर नव्यानें भरावा लागतो. वारंवार बदली होणाऱ्यांसाठीं २०२१ पासून 'भारत' मालिकेचे क्रमांक निघाले आहेत. सरकारी नोकरांस, आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरांस ते मिळूं शकतात. क्रमांक वा पत्ता बदलला कीं विमा कंपनीस कळवून विमापत्रावर तशी नोंद करून घ्यावी. गाडी जुनी विकत घेतली असेल तर चौदा दिवसांच्या आंत विमा आपल्या नांवावर करण्यासाठीं अर्ज करावा. तिऱ्हाइताचा विमा गाडीबरोबर येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा कंपनीनें नांव बदलल्यावांचून नव्या मालकास उपयोगी पडत नाहीं.

अमेरिकेंत याच्या अगदीं उलट व्यवस्था आहे, व आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें तेथें असल्यानें ती सांगणें अवश्य वाटतें. १९४५ च्या कायद्यानें तेथें विम्याचें नियमन प्रामुख्यानें राज्यांच्या हातीं राहिलें. कॅलिफोर्नियांत एका जखमी माणसामागें किमान विमा १५,००० डॉलरांचा होता. तो १ जानेवारी २०२५ पासून ३०,००० झाला. न्यू हॅम्पशायरांत सर्वसाधारण मोटारवाल्यास विम्याची सक्तीच नाहीं, तरी केलेल्या नुकसानीची जबाबदारी सुटत नाहीं. मिशिगनांत चूक कोणाचीही असो, जखमी माणसाचा औषधोपचार प्रथम बहुधा त्याच्या स्वतःच्या विम्यांतून होतो. तेव्हां तेथें बिऱ्हाड एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत हलविणाऱ्या मुलामुलींस "विमा नव्या राज्याच्या नियमाप्रमाणें करून घेतला का?" असें पत्रांतून अवश्य विचारावें.

आपल्याकडे तो विचार करावा लागत नाहीं, हें सुख आहे; पण त्या सुखानें एक आळस येतो. विम्याची मुदत टळली कीं देशांतील कोणतेंही राज्य आपणांस वांचवूं शकत नाहीं. पहिल्या गुन्ह्यास कायद्यांत दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. परंतु तो दंड ही लहान गोष्ट. आपल्या गाडीखालीं कोणी सांपडला तर त्याच्या पोराबाळांच्या भरपाईचा भार आपल्या शेतावर व घरावर येतो, आणि शेत-घर नसल्यास तीं पोरें उघडीं पडतात. तिऱ्हाईत म्हणून कायदा ज्यास ओळखतो, तो कोणाच्या तरी घरचा कर्ता पुरुष असतो. यास्तव यात्रेस निघतांना प्रसादाच्या डब्याबरोबर विमापत्राची तारीखही एकदां पाहून घ्यावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.