सशांनी पोपट कसे संपवले?

एका बेटावर मांजरे आणि पोपट साठ वर्षांहून अधिक काळ एकत्र राहत होते. मांजरे अधूनमधून पोपट मारत असणारच, तरीही पोपट टिकून होते. पुढे माणसाने त्या बेटावर ससे सोडले आणि त्यानंतर साधारण पंधरा वर्षांच्या आत पोपट नाहीसे झाले. ससा गवत खातो, पोपटाची शिकार करत नाही. मग पोपट संपले कसे?

हे कोडे मॅक्वारी नावाच्या बेटाचे आहे. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले १९७९ मध्ये, म्हणजे पोपट संपल्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. माणसाने बेटांवर नेऊन सोडलेले आणि तिथे रानटी झालेले प्राणी काढून टाकायचे व बेटाचे मूळचे जीवन सावरायचे, असे काम आज जगातील शेकडो बेटांवर झालेले आहे. त्यामागचे विज्ञान समजून घ्यायला मॅक्वारीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. म्हणून या लेखात आपण मुख्यतः याच बेटाकडे पाहणार आहोत.

बेट आणि बिनबोलावलेले पाहुणे

मॅक्वारी बेट दक्षिण महासागरात, टास्मानियाच्या आग्नेयेस सुमारे १५०० किलोमीटरवर आहे. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी जेमतेम ५ किलोमीटर. बाराही महिने थंड वारे. झाड एकही नाही. उतारांवर झुबक्यांनी वाढणारे उंच गवत आणि रुंद पानांची ‘मॅक्वारी कोबी’ ही वनस्पती. किनाऱ्यावर पेंग्विन आणि हत्ती सील, तर गवताखालच्या बिळांत पेट्रेलसारखे समुद्रपक्षी. जमिनीवर राहणारा मूळचा सस्तन प्राणी मात्र एकही नव्हता. म्हणूनच इथला पोपट बिनधास्त जमिनीवर, गवताच्या आडोशाला घरटे करी. पाणकोंबडीच्या कुळातला एक छोटा पक्षीही फक्त या बेटावर आढळत असे.

१८१० मध्ये सीलची शिकार करणाऱ्यांना हे बेट सापडले. फर सीलची इतकी कत्तल झाली की दहा वर्षांत ते जवळजवळ संपले. नंतर हत्ती सील आणि पेंग्विन यांच्या चरबीपासून तेल काढण्याचा धंदा १९१९ पर्यंत चालला. जहाजांबरोबर काळे उंदीर आणि लहान घरउंदीर उतरले. १८२० च्या सुमारास मांजरे रानात मोकाट झालेली होती. १८७० च्या आसपास खाण्यासाठी न्यूझीलंडहून ‘वेका’ हा न उडणारा पक्षी आणून सोडला गेला. १८७८-७९ च्या सुमारास, तेही खाण्यासाठीच, ससे आले. १८९५ उजाडण्यापूर्वी पोपट आणि तो पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी दोन्ही नामशेष झाले.

कोड्याचे उत्तर

न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ आर. एच. टेलर यांनी १९७९ मध्ये या घटनाक्रमाचा उलगडा केला. त्यांचा तर्क साधा आहे, पण चटकन सुचणारा नाही.

बेटावरचे बहुतेक समुद्रपक्षी उन्हाळ्यात प्रजननासाठी येतात आणि हिवाळ्यात समुद्रावर निघून जातात. त्यामुळे उन्हाळ्यात मांजरांची चंगळ आणि हिवाळ्यात उपासमार, असे चक्र होते. कोणत्याही प्राण्याची संख्या सुगीच्या दिवसांवर ठरत नाही, टंचाईच्या दिवसांत किती जगतात यावर ठरते. हिवाळा हाच मांजरांवरचा लगाम होता. थोडी मांजरे थोडे पोपट मारत आणि तेवढे नुकसान पोपटांना सोसत असे.

ससे आले आणि हा लगाम सुटला. ससे बेटावर बारमाही असतात. हिवाळ्यात मांजरांना पोटभर अन्न मिळू लागले, त्यांची संख्या वाढली. वेकांनाही सशांच्या पिलांचा आधार झाला. पोपट मात्र बेट सोडून जाणारे नव्हते. वाढलेल्या शिकाऱ्यांच्या तोंडी ते वर्षभर सापडू लागले.

एरवी भक्ष्य कमी झाले की भक्षकाचीही उपासमार होते, त्याची संख्या घटते आणि उरलेल्या भक्ष्याला श्वास घ्यायला अवधी मिळतो. इथे तसे होईना, कारण पोपट कितीही कमी झाले तरी मांजरांचे पोट सशांवर भरत होते. पर्यावरणशास्त्रज्ञ याला ‘अतिभक्षण’ म्हणतात. अशा प्रकारे सशांनी एकाही पोपटाला न शिवता पोपट संपवले.

एक धागा ओढला, दुसरा सुटला

विसाव्या शतकात सशांनी बेटाची हिरवळ कुरतडून काढली. उंच गवताची मुळे उतारावरची मऊ माती धरून ठेवतात. गवत गेले की माती घसरते आणि पेट्रेलांची बिळे उघडी पडतात. सशांना आवर घालण्यासाठी मिक्सोमा हा सशांना मारणारा विषाणू वापरायचे ठरले. हा रोग पसरवायला डास किंवा पिसवा लागतात, म्हणून १९६८ मध्ये आधी सशांच्या पिसवा बेटावर सोडल्या आणि १९७८ पासून विषाणू. त्या वेळी ससे सुमारे १ लाख ३० हजार होते. पुढच्या दशकात ते २० हजारांच्या खाली आले. गवत पुन्हा वाढू लागले.

आता मांजरांचे काय झाले असेल, हे वाचकांनी क्षणभर थांबून स्वतः सांगावे. मांजरे सशांवर जगत होती. ससे घटल्यावर ती समुद्रपक्ष्यांकडे अधिक वळली. सत्तरच्या दशकातील अंदाजाप्रमाणे तेव्हाच ती वर्षाला सुमारे ६० हजार समुद्रपक्षी खात होती. म्हणून १९८५ पासून मांजरांविरुद्ध मोहीम सुरू झाली. सुमारे अडीच हजार मांजरे मारली गेली आणि जून २००० मध्ये शेवटचे मांजर संपले. वेका त्याआधीच, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, संपवण्यात आले होते. शंभर वर्षांत ज्याची वीण इथे दिसली नव्हती तो राखी पेट्रेल पुन्हा घरटी करू लागला.

पण आता सशांना खाणारे कोणी उरले नव्हते. मिक्सोमाचा प्रभावही ओसरत चालला होता. १९९९ मध्ये या विषाणूचे उत्पादन थांबले आणि उरलेल्या साठ्यावर काही वर्षे काम भागवावे लागले. ससे पुन्हा लाखाच्या वर गेले. डॅना बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २००७ या काळातील उपग्रहचित्रांची तुलना २००९ मध्ये प्रसिद्ध केली. बेटाच्या सुमारे ४० टक्के भागात वनस्पतींचे आच्छादन बदललेले होते आणि सुमारे २० टक्के भागात हा बदल मध्यम ते तीव्र स्वरूपाचा होता.

मांजरे काढणे चुकले का? यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. बर्गस्ट्रॉम यांच्या मते मांजरे गेल्याने सशांवरचा अंकुश सुटला. जॉन डाउडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले की मिक्सोमाची घटती परिणामकारकता आणि हवामान यांचाही वाटा मोजला पाहिजे, शिवाय पक्ष्यांना झालेला लाभ विसरता कामा नये. आमच्या मते या वादातून शिकण्याजोगी गोष्ट अशी, की मांजरे काढायला हवीत यावर मतभेद नव्हता. ससे आणि उंदीर बेटावर तसेच असताना फक्त मांजरे काढली गेली, खरी अडचण ती होती.

कमी करणे आणि संपवणे

इथे एक छोटे गणित करू. समजा एका बेटावर १ लाख ससे आहेत आणि आपण त्यातले ९९.९ टक्के मारले. उरले फक्त १००. हे मोठे यश वाटते. पण ससे दरवर्षी दुप्पट होतात असे धरले, तर पहिल्या वर्षाअखेर २००, दुसऱ्या वर्षी ४०० आणि दहाव्या वर्षी १ लाख २ हजार ४००. दहा वर्षांत आपण मूळ जागी परत!

म्हणून निर्मूलनाच्या तीन अटी आहेत. पहिली, एकही प्राणी आपल्या आवाक्याबाहेर राहता कामा नये. दुसरी, प्राणी जन्मतात त्यापेक्षा वेगाने कमी झाले पाहिजेत. तिसरी, बाहेरून पुन्हा येण्याची वाट बंद हवी. यातली एकही अट सुटली की सारे श्रम वाया जातात. दक्षिण अटलांटिकमधील गॉफ बेटावर २०२१ च्या हिवाळ्यात उंदरांविरुद्ध मोठी मोहीम झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथे जिवंत उंदीर दिसला आणि मोहीम अयशस्वी ठरली.

सगळे एकदम

२००७ मध्ये टास्मानिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्या सरकारांनी मॅक्वारीवरचे ससे, काळे उंदीर आणि घरउंदीर एकाच वेळी संपवण्यासाठी सुमारे २ कोटी ४६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर केले. साधन होते ब्रोडिफाकूम हे विष घातलेल्या गोळ्या, हेलिकॉप्टरने संपूर्ण बेटावर पसरलेल्या. हे विष शरीरातील ‘के’ जीवनसत्त्वाचा पुनर्वापर रोखते, त्यामुळे रक्त गोठत नाही. मृत्यू काही दिवसांनी येतो. म्हणूनच चलाख उंदरालाही आजाराचा संबंध त्या गोळीशी जोडता येत नाही. वेळ निवडली हिवाळ्याची. तेव्हा अन्नाची टंचाई असते, ससे वीत नाहीत आणि पुष्कळ पक्षी बेटावर नसतात.

२०१० चा पहिला प्रयत्न हवामानाने हाणून पाडला. सुमारे ८ टक्के क्षेत्रावरच गोळ्या टाकता आल्या. विष खाल्लेल्या प्राण्यांची प्रेते खाऊन स्कुआ, महाकाय पेट्रेल, कुरव असे शेकडो पक्षीही मेले. मग योजना सुधारली गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये सशांपुरताच घातक असा कॅलिसी विषाणू आधी सोडला. बहुतेक ससे त्यानेच मेले, त्यामुळे पुढे विषारी प्रेते फारच कमी झाली. २०११ च्या हिवाळ्यात गोळ्यांचे काम पूर्ण झाले. त्यानंतर शिकारी आणि शिकवलेले कुत्रे यांनी बेट पायी पिंजून काढले. त्यांना केवळ १३ ससे मिळाले. वर केलेले गणित आठवले म्हणजे या तेरांचे महत्त्व कळेल. पुढे दोन वर्षांहून अधिक काळ शोध चालू राहिला आणि एप्रिल २०१४ मध्ये मोहीम यशस्वी झाल्याचे जाहीर झाले.

आज मॅक्वारीच्या उतारांवर उंच गवत आणि ‘कोबी’ पुन्हा दाटली आहे. बिळात राहणारे पेट्रेल सावरत आहेत. पण सगळ्यांनाच फायदा झाला असे नाही. तपकिरी स्कुआला सशांची सवय लागली होती. काही स्कुआ विषाने गेले, उरलेल्यांचे आयते अन्न गेले आणि त्यांच्या जोड्या घटल्या.

किंमत कोणी मोजली?

हा विषय वर्गात निघाला की एखादा विद्यार्थी नक्की विचारेल, ‘सर, त्या सशांचा काय दोष?’ प्रश्न टाळू नये. दोष काहीच नव्हता. त्यांना माणसाने आणले होते. रक्तस्रावाने येणारे मरण वेदनादायक असते, हेही लपवू नये. निर्मूलनाला विरोध करणारे संवेदनशील लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. मॅक्वारीवर ‘काहीच न मारणे’ हा पर्याय उपलब्धच नव्हता. प्राणी तसेच राहू दिले, तर मांजरे आणि उंदीर पक्षी मारत राहतात. केवळ नियंत्रण ठेवायचे, तर पिढ्यान्‌पिढ्या ससे रोगाने मारत राहावे लागते. १९७८ पासून तीसेक वर्षे तेच चालले होते. नीट विचार करून, सर्व प्राणी एकदम आणि एकदाच काढणे यात एकूण मृत्यू कमी असतात. अर्धवट काम हेच सर्वांत क्रूर ठरते. याहून बरा उपाय एकच आहे, प्राणी बेटावर पोहोचूच न देणे. म्हणून तिकडे जाणाऱ्या सामानाची आता कुत्र्यांकडून तपासणी केली जाते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. फळ्यावर गवत, ससा, मांजर, उंदीर, पेट्रेल, पोपट आणि स्कुआ अशी नावे लिहावीत व कोण कोणाला खातो ते बाणांनी दाखवावे. मग विद्यार्थ्यांना एक नाव पुसायला सांगून बाकीच्यांचे काय होईल ते विचारावे. प्रथम ससा पुसावा, नंतर मांजर, नंतर दोन्ही. उंदीर विसरला जातो का, याकडेही लक्ष ठेवावे. उत्तरे जुळली नाहीत तरी चालेल. एक नाव पुसल्यावर बाण किती हलतात, ते मुलांना दिसले की पुरे.

शेवटी पोपटाचे नावही पुसावे. बाकीची नावे गरजेप्रमाणे पुन्हा लिहिता येतील. मॅक्वारीवर गवत परत आले, पेट्रेल परत आले, पण तो पोपट जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.